हत्यारे काढून घेतल्यावर

मराठीतला ‘हत्यार’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. सुताराच्या पिशवीत असते तेही हत्यार आणि शिपायाच्या कमरेला लटकते तेही हत्यारच. ‘उद्या हत्यारे घेऊन या’ असे सुताराला सांगितले तर घरात कोणी दचकत नाही. तेच वाक्य रात्री रस्त्यावरून कानी आले तर माणूस कडी लावून घेतो. आमच्या मोहल्ल्याला लागूनच सुतारआळी होती. खंडेनवमीला तिथे करवत, रंधा, वाकस, पटाशी पाटावर मांडून त्यांना झेंडूची फुले वाहिलेली असत. त्याच दिवशी गावातल्या जुन्या घराण्यांतून तलवारींचीही पूजा होई. एका सणात दोन्ही अर्थ सुखाने नांदत असत.

आज मला बोलायचे आहे ते लाकडाची छोटी जहाजे बांधणाऱ्यांच्या हत्यारांविषयी. हा छंद आपल्याकडे फार लोकांना नाही. युरोप-अमेरिकेत मात्र त्याचे संच मिळतात, पुस्तके निघतात, माणसे एकेका जहाजावर दोन-दोन वर्षे घालवतात. मी स्वतः गेली काही वर्षे त्या नादाला लागलेलो आहे, त्यामुळे ‘सुरुवात करायची तर काय काय लागते?’ हा प्रश्न मला पुष्कळदा विचारला जातो. सरळ उत्तर द्यायचे तर दोन मिनिटे पुरतील. पण त्या दोन मिनिटांच्या यादीमागे एक इतिहास आहे. ही कला ज्यांनी अत्यंत कमी साधनांत एका उंचीवर नेली, त्यांच्याकडून दुसऱ्या अर्थाची हत्यारे आधीच काढून घेतलेली होती.

१७९३ साली क्रांतीनंतरच्या फ्रान्सने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले. मधली १८०२-०३ ची थोडी विश्रांती सोडली तर हे युद्ध वॉटर्लूपर्यंत, म्हणजे १८१५ पर्यंत चालले. समुद्रावर इंग्रजांचा वरचष्मा होता. फ्रेंच जहाजे पकडली जात आणि त्यांच्यावरचे खलाशी कैदी म्हणून इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरवले जात. माणसे इतकी झाली की ठेवायची कुठे हा प्रश्न पडला. काहींना निकामी झालेल्या युद्धनौकांत कोंडले. डोलकाठ्या काढलेली ही बोडकी जहाजे पोर्ट्‌स्मथ, प्लिमथ, चॅटम इथल्या चिखलात उभी असत. काहींना जुन्या किल्ल्यांत ठेवले. आणि १७९७ साली लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगत, पीटरबरो गावाजवळ नॉर्मन क्रॉस या ठिकाणी मुद्दाम युद्धकैद्यांसाठी एक वसाहत उभारली गेली. निव्वळ युद्धकैद्यांसाठी बांधलेली ही पहिलीच छावणी मानतात. काम घाईचे होते म्हणून दगडविटांऐवजी लाकडी बराकी झटपट उभ्या केल्या. चार मोठे चौक, भोवती कुंपण, पहारे, आणि आत एका वेळी पाच-सहा हजार माणसे. त्यांत फ्रेंच होते, डच होते. बहुतेक दर्यावर्दी.

नॉर्मन क्रॉस किनाऱ्यापासून बरेच आत आहे. सपाट शेतांचा मुलूख; तिथून समुद्र दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. ज्यांचे सगळे आयुष्य लाटांवर गेले अशा हजारो माणसांना तिथे आणून बसवले आणि वर्षानुवर्षे करायला काम म्हणून काही दिले नाही. रोज शिधा मिळे. त्यात पाव असे, मांस असे. मांस संपले की हाडे उरत.

त्या हाडांतून जहाजे उभी राहिली.

मंडळी, रेडिओवर हातात धरून काही दाखवता येत नाही याचे मला इथे खरोखर वाईट वाटते. ही जहाजे हात-दीड हात लांब, काही तर वीतभरच. आत लाकडाचा कोरलेला गाभा, आणि त्यावर हाडाच्या बारीक फळ्या एकाला एक लावून बसवलेल्या. हाडे उकळायची, त्यांतली चरबी काढायची, ती पांढरी होऊ द्यायची, मग उभी चिरून त्यांच्या पट्ट्या करायच्या. प्रत्येक पट्टी पितळेच्या किंवा तांब्याच्या तारेच्या खिळ्यांनी आतल्या लाकडावर ठोकायची. खिळा टाचणीच्या टोकाएवढा, आणि एका जहाजाला असे शेकडो. बाजूंचे काळे पट्टे शिंगाचे किंवा देवमाशाच्या तोंडातल्या झालरीचे. दोर रेशमाचे, सुताचे. काही ठिकाणी केसांचेही. मागच्या बाजूला एखाद-दुसरी दोरी लोंबत असे. ती ओढली की सगळ्या तोफा एकदम आत जात, सोडली की बाहेर येत. डोलकाठीपुढे कोरलेली बाईची किंवा योद्ध्याची मूर्ती असे; तिच्या चेहऱ्यावरचे नाकडोळे बघायला आज भिंग लागते.

आराखडा कोणाकडेच नव्हता. जहाज बांधायचे ते डोक्यातून. म्हणून डोलकाठ्या प्रमाणापेक्षा उंच निघाल्या आणि तोफा कधी कधी फुगल्या. वस्तुसंग्रहालयातले जाणकार हे दोष अचूक दाखवतात, आणि ते खरेच आहेत. पण खलाशाला डोलकाठी उंचच आठवणार, कारण तो तिच्यावर चढलेला असतो. धक्क्यावर उभे राहून जहाज बघणाऱ्याची आठवण वेगळी असते.

हत्यारांचे काय? बंदुका, तलवारी, कट्यारी पकडले त्या दिवशीच गेल्या होत्या. उरल्या होत्या त्या जवळच्या क्षुल्लक वस्तू: छोटा चाकू, एखादी घासून धार लावलेली पट्टी, खिळे, शिवणाच्या सुया, फुटक्या काचेचा तुकडा. काच ही उत्तम तासणी आहे. नुकत्याच फुटलेल्या काचेच्या कडेने हाड काय आणि लाकूड काय, आरशासारखे गुळगुळीत होते. आजही काही जुने कारागीर लाकडाला शेवटचा हात काचेनेच देतात. पुढे वस्तू विकल्या जाऊ लागल्या आणि हातात चार पैसे आले तशी बाहेरून कानस, करवत मागवणे जमू लागले. काहींनी तर आत छोटे चरकही उभे केले. कैद्यांत नाना धंद्यांची माणसे होती. सक्तीने आरमारात भरती झालेले सुतार, लोहार, घड्याळजी, हस्तिदंतावर काम करणारे होते. कामाची वाटणी आपोआप झाली. एकाने फळ्या बसवायच्या, एकाने मूर्ती कोरायची, एकाने दोर विणायचे. बंदीशाळेत जहाजबांधणीची आख्खी गोदी चालू झाली म्हणा ना.

आवाराच्या फाटकाशी बाजार भरे. आसपासचे लोक, रस्त्याने जाणारे प्रवासी तिथे येऊन भाजीपाला, तंबाखू विकत आणि कैद्यांच्या वस्तू घेऊन जात. हाडाचे डॉमिनो, गवताच्या काड्यांची नक्षी केलेल्या पेट्या, खेळणी, आणि सर्वांत महाग म्हणजे जहाजे. गिऱ्हाईक इंग्रज, म्हणून कित्येक जहाजांवर इंग्रजी युद्धनौकांची नावे कोरलेली सापडतात. ज्या आरमाराने आपल्याला पकडले त्याच्याच जहाजाचे नाव फ्रेंच खलाशी आपल्या हाताने कोरत होता. पोटाला भाकरी त्यातून मिळत होती. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत अस्वस्थ करते ती एक वेगळीच वस्तू. कैद्यांनी हाडाचे गिलोटिनही बनवले. पाते वरून खाली पडते, बाहुलीचे मुंडके उडते. क्रांती बघून आलेल्या माणसाने ते इंग्रजाच्या दिवाणखान्यासाठी खेळणे म्हणून विकले.

हे सगळे फार सुंदर चालले होते असे मात्र कोणी समजू नये. जुगारापायी अंगावरचे कपडे आणि उद्याची भाकरीसुद्धा हरणारे कैदी होते. ज्या बोटांनी जहाजाचे कठडे कोरले जात तशाच बोटांनी खोट्या नोटांचे ठसेही कोरले गेले. पकडले गेले त्यांना शिक्षा झाल्या. गवताच्या वेण्या विणून त्या टोप्यांसाठी विकण्यावर सरकारने बंदी घातली, कारण त्यामुळे आसपासच्या गरीब इंग्रज बायकांचा धंदा बसत होता. मग त्या वेण्या पहारेकऱ्यांच्या मदतीने चोरून बाहेर जाऊ लागल्या. १८००-०१ च्या थंडीत साथ आली आणि हजाराहून अधिक माणसे मेली. छावणी १८१४ साली रिकामी झाली तोवर तिथे मेलेल्यांची संख्या सतराशेच्या वर गेली होती. दोन वर्षांत बराकी मोडून त्यांचे लाकूड विकून टाकले. आज तिथे शेत आहे. २००९ साली त्या शेतात उत्खनन झाले तेव्हा कैद्यांच्या कबरींबरोबर त्यांनी कापलेल्या हाडांचे तुकडेही मातीतून वर आले.

१९१४ साली रस्त्याच्या कडेला या मृतांचे स्मारक उभारले गेले, खांबावर ब्राँझचा गरुड बसवून. १९९० साली तो गरुड चोरीला गेला. २००५ साली नवा बसवला आणि त्याचे अनावरण केले वेलिंग्टनच्या ड्यूकनी. हे ड्यूक कोणाचे वंशज? १८०३ साली असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली आपल्याला शाळेपासून माहीत आहे. तोच पुढे वेलिंग्टनचा पहिला ड्यूक झाला आणि त्यानेच नेपोलियनला वॉटर्लूला हरवले. इतिहासाला असे योग जुळवून आणायला फार आवडते.

पीटरबरोच्या वस्तुसंग्रहालयात या कैद्यांच्या शेकडो वस्तू ठेवलेल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक करणाऱ्यांची नावे कोणाला माहीत नाहीत.

आता यादी. नवशिक्याला जे खरोखर लागते ते जवळजवळ सगळे नॉर्मन क्रॉसच्या कैद्याजवळ होते किंवा त्याने कसेतरी पैदा केले होते. पहिला चाकू. पाते पातळ, टोकदार आणि बदलता येणारे हवे. औषधांच्या दुकानात शस्त्रक्रियेची पाती आणि त्यांची मूठ मिळते, तिच्याइतकी चांगली चीज दुसरी नाही. दुसरा सामता, म्हणजे बोटांत धरून फिरवायचे बारीक ड्रिल; अर्ध्या मिलिमीटरपासून एक मिलिमीटरपर्यंतची पाती त्यात बसली पाहिजेत. विजेचे ड्रिल सुरुवातीला नको, ते पातळ पट्टीला चिरून टाकते. तिसरी बारीक दातांची करवत. चौथी कानशींचा संच, सुईसारख्या कानशी: चपटी, गोल, तिकोनी. एक लांब चोचीचा चिमटा. एक पोलादी फूटपट्टी. पॉलिश पेपर, पण नुसता हातात धरून नाही. सपाट लाकडी पट्टीवर चिकटवलेला. सुताराचा पांढरा सरस. एवढेच.

या वस्तू शोधायला मी हार्डवेअरच्या दुकानांतून बरीच पायपीट केली. तिथे हत्यारे मिळतात ती दरवाजे-खिडक्या करणाऱ्यांच्या मापाची. शेवटी लक्षात आले की आपले खरे दुकान म्हणजे सोनारांना हत्यारे पुरवणाऱ्याचे. तिथल्या शेठनी माझी निवड बघून विचारले, ‘‘चाचा, दागिने घडवता?’’

‘‘नाही शेठ, गलबत बांधतोय.’’

ते जरा थांबले. ‘‘चांदीचं?’’

‘‘लाकडाचं.’’

त्यांनी काही न बोलता दहा टक्के कमी केले. कशाबद्दल, ते मी विचारले नाही.

यादीत एक वस्तू राहिली. फळी चिकटवताना एक हात जहाज धरतो, दुसरा फळी धरतो, आणि सरस सुकेपर्यंत ती दाबून ठेवायला तिसरा हात लागतो. बाजारात त्यासाठी नाना तऱ्हेचे पितळी शिकंजे मिळतात, आणि महाग असतात. दोरीवर कपडे अडकवायचे लाकडी चिमटे हे काम फुकटात करतात. त्यांची तोंडे चाकूने थोडी तासली की झाले. आमच्या घरात चिमट्यांची संख्या का घटते आहे याची चौकशी एकदोनदा झाली, पण प्रकरण पुढे गेले नाही.

खरी परीक्षा हत्यारांची नसते, ती फळीची असते. जहाजाचा घेर मध्ये मोठा आणि टोकांना लहान. सगळ्या फळ्या एकाच रुंदीच्या ठेवल्या तर मध्यावर त्या नीट बसतात, पण नाळेकडे जागाच उरत नाही. म्हणून प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करावी लागते, आणि प्रत्येकीचा निमुळतेपणा वेगळा. फूटपट्टीने मापायचे, चाकूने चिरायचे, कागदाने घासायचे. मग पट्टी गरम पाण्यात वीस-एक मिनिटे भिजवायची, स्टीलच्या पेल्याभोवती वाकवून बांधायची आणि रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी तिने बाक घेतलेला असतो. जबरदस्तीने बसवलेली फळी आज बसल्यासारखी दिसते आणि महिन्याभराने ताठ होऊन सरसातून सुटते. लाकूड आपल्याकडचे वापरायचे तर शिकण्यासाठी शिवण चांगली, चाकूला सहज मानते. बारीक कोरीव कामाला हेदाचे पिवळट, घट्ट कणाचे लाकूड घ्यावे. सागवान मोठ्या जहाजांचा राजा, पण वीतभर जहाजात त्याच्या रेषा फार ठळक दिसतात.

फूटपट्टीबद्दल थोडे जास्त बोलले पाहिजे, कारण कैद्यांजवळ तीच नव्हती. मोजमापाची पट्टी म्हणजे दुसऱ्या घराण्याचे हत्यार. गोद्यांचे, सरकारचे, हिशेबाचे.

त्याआधीच्या काळात जहाजांच्या प्रतिकृती नवसाच्या असत. वादळातून वाचलेला खलाशी चर्चमध्ये छोटे जहाज टांगत असे. स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळच्या मातारो गावातले असे एक पंधराव्या शतकातले जहाज आज हॉलंडमध्ये रॉटरडॅमच्या संग्रहालयात आहे. युरोपात टिकून राहिलेल्या जहाजांच्या प्रतिकृतींत ते सर्वांत जुने समजले जाते. सतराव्या शतकात मात्र इंग्लंडच्या आरमारी कचेरीसाठी मापात बसवलेल्या प्रतिकृती होऊ लागल्या. प्रमाण ठरलेले: खऱ्या जहाजाचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचा पाव इंच. अठ्ठेचाळीसाला एक. खालच्या भागाला मुद्दाम फळ्या लावायच्या नाहीत, म्हणजे आतल्या फासळ्या उघड्या दिसतात. नासपतीच्या आणि बॉक्सवुडच्या लाकडात केलेली ही जहाजे ग्रिनिचच्या संग्रहालयात बघताना ती माणसाच्या हातची आहेत यावर विश्वास बसत नाही.

या प्रतिकृतींचा एक लाभार्थी मला विशेष आवडतो. सॅम्युएल पेप्स, ज्याची रोजनिशी प्रसिद्ध आहे, तो १६६२ साली आरमारी कचेरीत मोठा अधिकारी होता. वय एकोणतीस. त्याला जहाजातले काही कळत नव्हते, आणि पाढेही येत नव्हते. लाकडाचे ठेकेदार आपल्याला बनवत आहेत असा त्याला संशय होता. मग त्याने काय करावे? कूपर नावाच्या एका जहाजावरच्या सहायकाला शिकवणीला ठेवले. भल्या पहाटे उठून हा अधिकारी गुणाकाराचे पाढे पाठ करी आणि नंतर कचेरीतल्या लाकडी जहाजावर बोट ठेवून कूपर त्याला कणा कुठला, फासळी कुठली, तुळई कुठली ते समजावून सांगे. पुढे लाकडाचे घनफळ काढायची खास सरकपट्टीही त्याने करून घेतली. ठेकेदारांचे चेहरे कसे झाले असतील याची कल्पनाच केलेली बरी.

अठ्ठेचाळीसाला एक हे प्रमाण कागदावरच्या आराखड्यांचेही असे, आणि इथे गोष्ट आपल्या मुंबईला येऊन मिळते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले तेव्हापासून मुंबईच्या गोदीत या पारशी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजे बांधली. १८१२ साली इंग्रज आरमाराने एका नव्या लढाऊ जहाजाचे आराखडे मुंबईला रवाना केले. ते ज्या ‘जावा’ नावाच्या जहाजावरून येत होते त्याला त्याच वर्षीच्या २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’ने गाठले. ‘जावा’ इतके मोडले की अमेरिकनांनी ते पेटवून दिले, आराखडेही गेले. त्याच जहाजावर मुंबईकडे निघालेला जनरल हिस्लॉप होता. तो कैद झाला, सुटला, आणि पाच वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, महिदपूरला त्याने होळकरांच्या फौजेचा पराभव केला.

आराखड्यांच्या नकला पुन्हा हाताने उतरवल्या गेल्या. कंपास, पट्टी, शाई. त्या मुंबईला पोहोचल्या आणि जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली ‘त्रिंकोमाली’ बांधून झाले. १२ ऑक्टोबर १८१७ ला ते पाण्यात उतरले, म्हणजे महिदपूरच्या लढाईआधी दोन-सव्वादोन महिने. ते मलबारी सागवानाचे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. त्याच वेळी, ज्या युद्धासाठी हे जहाज मागवले गेले त्याच युद्धातले कैदी इंग्लंडातून घरी पोहोचून तीन वर्षे झाली होती. एकीकडे आरमार, गोदी, आराखडा, हजारो घनफूट साग. दुसरीकडे चाकू, काच आणि जेवणातले हाड.

माझ्या टेबलावर जे जहाज आहे ते या दोन्हींपैकी नाही. ती फत्तेमारी आहे. आमच्या कोकण किनाऱ्यावर मलबार ते मुंबई माल वाहणारी, पुढे झुकलेल्या नाळेची आणि तिरक्या शिडांची. माझे चुलत आजोबा अशा फत्तेमारीवर तांडेल होते. नाखवा, खलाशी, सुकाणू हे शब्द अरबी-फारसीतून आपल्या मराठीत आले ते अशाच जहाजांतून, मालाबरोबर, मदरशातून नव्हे. हे मी भाषेच्या चर्चासत्रांत सांगतो तेव्हा काही मंडळींना आश्चर्य वाटते. कोळ्याला वाटत नाही.

फत्तेमारी बांधणाऱ्या कारागिरांनी आराखडे कधी काढले नाहीत. माप त्यांच्या वितीत आणि डोळ्यांत होते. म्हणून आज तिची प्रतिकृती करायची तर आधार परदेशी कागदांचा घ्यावा लागतो, आणि त्यांतला एक मोठा आधार म्हणजे एदमों पारी हा फ्रेंच आरमारी अधिकारी. १८०६ साली जन्मलेल्या या माणसाने जगप्रदक्षिणेच्या प्रवासांत, इतर अधिकारी किनाऱ्यावर चैन करत तेव्हा, जिथे जाईल तिथली देशी होडकी मोजून काढली: आफ्रिका, अरबस्तान, हिंदुस्थान, चीन. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची पातमार, म्हणजे फत्तेमारीच, त्याच्या चित्रांत आहे. १८४० च्या दशकात त्याचा मोठा ग्रंथ निघाला. भारताच्या मुक्कामातच एका कारखान्यातल्या यंत्रात सापडून त्याचा डावा हात गेला होता. तरी एका हाताने तो काढत राहिला. पुढे १८७१ साली पॅरिसच्या आरमारी संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने आपल्या त्या जुन्या चित्रांवरून कारागिरांकडून एकामागून एक प्रतिकृती करून घेतल्या. ही लाकडी होडकी जगातून नाहीशी होणार हे त्याला दिसत होते. वाफेच्या जहाजांचा तोही एक मोठा जाणकार होता.

कोकणातल्या खाड्यांतून शिडाच्या फत्तेमाऱ्या गेल्या त्यालाही आता बराच काळ लोटला. चुलत आजोबांच्या फत्तेमारीचे नाव घरात कोणाला धड आठवत नाही. तिच्या फळ्यांची रुंदी किती होती, हे विचारायला तर कोणीच उरलेले नाही. मी पारीच्या मापावरून चाललो आहे. एका हाताच्या माणसाने काढलेल्या रेषेवर माझे दोन हात आणि वीस-पंचवीस चिमटे काम करताहेत.

कैद्यांच्या आधी, पेप्सच्या आधी, मातारोच्या नवसाच्या जहाजाच्याही आधी ही कला किती मागे जाते, याचा एक पुरावा १९२० साली इजिप्तमध्ये सापडला. नाईलच्या पश्चिम तीरावर, प्राचीन थीब्जच्या डोंगरात मेकेत्रे नावाच्या बड्या दरबारी माणसाची कबर हर्बर्ट विनलॉक हा अमेरिकन संशोधक साफ करत होता. कबर कधीच लुटली गेली होती. मार्चमधल्या एका संध्याकाळी मजुरांना दिसले की दगडाची कपची एका फटीतून खाली घरंगळते आहे. विनलॉकने फटीत विजेरीचा झोत टाकला आणि समोर चार हजार वर्षांपूर्वीचे रंगवलेले छोटे जग उभे होते. बेकरी, गोठा, विणकरांचा माग, आणि डझनभर नौका, वल्हेकऱ्यांसह, सुकाणूवाल्यासह. मेकेत्रेला परलोकात प्रवासाला लागतील म्हणून केलेल्या. काही आज न्यूयॉर्कला आहेत, काही कैरोला.

कैरोच्या वाट्याला आलेल्यांत एक सुतारांचा कारखाना आहे. मध्ये खांबाला उभी फळी दोरीने बांधून एक जण ती करवतीने चिरतो आहे. त्या खांबालाच शिकंजा म्हणायचे. दुसरा पटाशीने खाच पाडतो आहे. काही जण वाकसाने लाकूड तासताहेत, आणि काही जण वालुकाश्माचे ठोकळे घेऊन त्यावर घासताहेत. पॉलिश पेपरचा पूर्वज तो हाच. एका कोपऱ्यात शेगडीपाशी हत्यारे नीट करण्याचे काम चालू आहे. आणि तिथेच एक पेटी आहे. ज्या कोणा निनावी कारागिराने नौका केल्या, त्याने किंवा त्याच्या शेजाऱ्याने या पेटीत हत्यारांच्याही प्रतिकृती करून ठेवल्या: करवती, कुऱ्हाडी, वाकस, पटाश्या, सामत्याची पाती, सगळी बोटाबोटाएवढी. खांबापाशी काम करणाऱ्यांच्या हातांत आहेत त्यांहून ही वेगळी. हातातले मोडले किंवा बोथट झाले तर लागतील म्हणून ठेवलेली जादा.